बेसबॉलचे नियम आणि रसिकांची तक्रार

सन २०२३ च्या वसंतांत अमेरिकेंतील व्यावसायिक बेसबॉलच्या मैदानांवर घड्याळ आलें. चेंडू फेकणाऱ्या गड्यानें, ठाण्यांवर कोणी धांवणारा नसल्यास १५ सेकंदांत व असल्यास २० सेकंदांत, चेंडू टाकलाच पाहिजे; फलंदाजानेंही घड्याळावर ८ सेकंद उरण्यापूर्वीं सज्ज झालें पाहिजे; जो चुकेल त्याच्या पदरीं दंड, असा त्या वर्षींचा नियम होता. वाचकांस हा बदल क्षुल्लक वाटेल. परंतु तो जाहीर झाल्यावर त्या खेळाच्या जुन्या भोक्त्यांनीं जो आकांत केला, तो ऐकून एखादें देऊळ पाडलें जात आहे कीं काय, असें परक्या माणसास वाटावें. फुटबॉल, बास्केटबॉल, हॉकी हे सारे घड्याळाचे चाकर. आमचा खेळ तेवढा काळाच्या बंधनापासून मुक्त. शेवटचा गडी बाद होईपर्यंत तो संपत नाहीं, हेंच त्याचें वैभव. तें वैभव आज गेलें, असा त्या तक्रारीचा मथितार्थ होता.

हंगाम संपला तेव्हां हिशेब पुढें आला. नऊ डावांच्या सामन्यास २०२१ सालीं सरासरी ३ तास १० मिनिटें लागत. २०२२ सालीं ३ तास ४ मिनिटें लागत. २०२३ सालीं हा काळ २ तास ४० मिनिटांवर आला. प्रेक्षकांची संख्या आदल्या वर्षीं सुमारे ६ कोटी ४५ लक्ष होती, ती ७ कोटींच्या वर गेली. त्याच वर्षीं ठाण्यांच्या गाद्या १५ इंचांवरून १८ इंचांच्या केल्या व धांवणाऱ्यास धाक घालण्यासाठीं ठाण्याकडे चेंडू फेकण्याच्या संधींवर मर्यादा घातली. त्यामुळें ठाणीं चोरण्याचे प्रकार २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. आकांत करणाऱ्यांपैकीं पुष्कळजण दुसऱ्या वर्षीं मुकाट्यानें मैदानावर येऊन बसले.

यांत खरी मौज अशी कीं, ज्या संथपणास सनातन समजून हे रसिक कवटाळून बसले होते, तो त्यांच्या आजोबांस ठाऊकही नव्हता. शंभर वर्षांपूर्वीं बहुतेक सामने दोन तासांच्या आंत आटपत. १९७० च्या सुमारास ते अडीच तासांवर आले. पुढें फलंदाजाचें हातमोजे आवळणें, फेकणाऱ्याचें फिरून फिरून थांबणें आणि जाहिरातींच्या सुट्ट्या यांनीं काळ वाढत गेला. घड्याळानें खेळ पुन्हां जुन्या चालीवर आणून सोडला. तेव्हां रसिक ज्यास परंपरा म्हणतो, ती पुष्कळदां त्याच्या स्वतःच्या बाळपणापलीकडे जात नाहीं. एवढ्यावरून रसिकांची तक्रार ही सर्वकाळ पोकळच असते, असें अनुमान काढणें मात्र अन्यायाचें होईल. ती कोठें खरी होती, कोठें पोकळ होती, आणि जेथें व्हावयास हवी होती तेथें ती झाली कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं त्या खेळाचा इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

क्रिकेटच्या परिचयामुळें आमच्या वाचकांस या खेळाची कल्पना येणें अवघड नाहीं. मैदानावर चार ठाण्यांचा एक चौकोन असतो. त्याची प्रत्येक बाजू ९० फूट. घरच्या ठाण्याशीं उभा राहून फलंदाज गोल दांडूनें चेंडू मारतो व क्रमानें चारही ठाणीं गांठून परत आला म्हणजे एक धांव होते. चेंडू जमिनीवर टप्पा न पडतां येतो. तीन वेळां चुकला तर फलंदाज बाद; चार चेंडू कक्षेबाहेर पडले तर त्यास पहिलें ठाणें फुकट मिळतें. तीन गडी बाद झाले कीं अर्धा डाव संपला. असे नऊ डाव. पंचाच्या मुखांतून निघालेला शब्द, हा येथेंही कायदा.

या खेळाचा जन्म कोठें झाला, या प्रश्नाचें उत्तर देतांनाच अमेरिकन रसिकांच्या मनाची ठेवण दिसून येते. हेन्री चॅडविक या इंग्लंडांत जन्मलेल्या व न्यूयॉर्कमध्यें वाढलेल्या लेखकानें, बेसबॉल हा इंग्रजी मुलांच्या राउंडर्स नांवाच्या खेळापासून निघाला, असें प्रतिपादिलें. राष्ट्राभिमान्यांस तें सहन झालें नाहीं. १९०५ सालीं एक मंडळ नेमण्यांत आलें. त्यानें एका वृद्ध गृहस्थाच्या आठवणीवर विसंबून, अ‍ॅब्नर डबलडे यानें १८३९ सालीं कूपर्सटाउन या गांवीं हा खेळ निर्माण केला, असा निर्णय दिला. डबलडे त्या वर्षीं वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत विद्यार्थी होता, आणि पुढें सेनापति म्हणून नांव मिळविल्यावरही त्यानें या शोधाचा कधीं उच्चार केला नाहीं. तथापि १९३९ सालीं त्या न घडलेल्या घटनेची शताब्दि साजरी करून कूपर्सटाउन येथें या खेळाचें स्मारकमंदिर उघडण्यांत आलें, व तें आजही यात्रेकरूंनीं गजबजलेलें असतें. खेळ एका दिवशीं, एका पुरुषाच्या मस्तकांतून, पूर्ण होऊन निघाला, ही कल्पना रसिकांस गोड वाटते. कारण जें पूर्णत्वानें जन्मलें, त्यांत बदल करणें हा अपराधच ठरतो. इतिहास पाहिला तर असा एकही दिवस सांपडत नाहीं.

न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबानें १८४५ सालीं आपले नियम लिहून काढले. त्यापूर्वीं धांवणाऱ्यास चेंडू फेकून मारला म्हणजे तो बाद होत असे. निकरबॉकरांनीं हा प्रकार बंद केला. पाठींत चेंडू बसण्याची भीति गेली, म्हणून चेंडू कठीण करतां आला. चेंडू कठीण झाला, म्हणून तो दूर जाऊं लागला. आणि पोरांचा खेळ प्रौढांस खेळण्याजोगा झाला. १८५७ सालीं नऊ डाव, नऊ गडी आणि ९० फुटांचें अंतर हीं ठरलीं. पण एक टप्पा पडून हातांत आलेला चेंडूही त्या काळीं झेल मानला जात असे. हा पोरकटपणा सोडावा, असें निकरबॉकरांचें म्हणणें होतें. दुसऱ्या पक्षास त्यांत बोटें मोडण्याचें भय व रंगाचा भंग दिसत होता. कित्येक वर्षांच्या वादानंतर १८६४ च्या अखेरीस टप्प्याचा झेल रद्द झाला. आज तो नियम कोणी पुन्हां आणूं म्हणेल, तर रसिक त्यास वेड्यांत काढतील.

चेंडू फेकणाऱ्याचें स्थित्यंतर याहून मोठें आहे. आरंभीं तो फलंदाजाचा सेवक होता. हात खालून फिरवून त्यानें सोपा चेंडू द्यावा, आणि फलंदाजानें तो मारावा, हा खेळाचा संकेत. १८८७ पर्यंत चेंडू उंच हवा कीं ठेंगणा हवा, हें सांगण्याचा अधिकारही फलंदाजास होता. परंतु जिंकण्याची ईर्ष्या वाढली तसा सेवक हळूहळू प्रतिस्पर्धी झाला. त्याचा हात कमरेच्या वर आला, मग खांद्याच्या वर आला. आणि १८८४ सालीं नॅशनल लीगनें वरून फेकण्यास मोकळीक दिली. क्रिकेटमध्यें हीच गोष्ट वीस वर्षें आधीं, १८६४ सालीं घडली होती. दोन्हीं ठिकाणीं कायद्यानें केवळ मैदानावर घडून चुकलेल्या गोष्टीवर शिक्का मारला. यांत घ्यावयाजोगा बोध हा कीं, खेळाचे नियम कागदावर बदलण्यापूर्वीं खेळाडूंच्या अंगांत बदललेले असतात.

मात्र प्रत्येक सुधारणा टिकलीच असें नाहीं. १८८७ सालीं फलंदाजास तीनऐवजीं चार चुका माफ करण्यांत आल्या, आणि फुकट मिळालेलें ठाणेंही त्याच्या यशस्वी फटक्यांत गणलें जाऊं लागलें. फलंदाजांच्या सरासऱ्या असंभाव्य रीतीनें फुगल्या, आणि एका हंगामानंतर दोन्ही नियम मागें घ्यावे लागले. उलट १८९३ सालीं चेंडू फेकण्याचें अंतर वाढवून ६० फूट ६ इंच करण्यांत आलें. आदल्या वर्षीं नॅशनल लीगमधील फलंदाजांची सरासरी .२४५ होती, ती त्या वर्षीं .२८० झाली, पण फेकणाऱ्यांनीं लवकरच नवे डावपेंच शोधले, तोल सांवरला, आणि तें अंतर आज सव्वाशेंहून अधिक वर्षें एका इंचानेंही हललेलें नाहीं. एक सुधारणा वर्षांत मेली, दुसरी शतकावर जगली. दोहोंत फरक इतकाच कीं, पहिलीनें एका पक्षास खैरात वांटली, व दुसरीनें दोन पक्षांतील झुंज पुन्हां समबल केली.

सन १९२० हें या इतिहासांतील मोठें वळण होय. त्या वर्षाच्या आरंभीं, चेंडूस थुंकी वगैरे लावून तो वांकडा वळविण्याच्या युक्तीवर बंधन आलें. ज्यांची उपजीविकाच तिजवर होती अशा सतरा गड्यांस पुढें आयुष्यभराची सवलत मिळाली, व त्यांतील शेवटचा बर्ली ग्राइम्स हा १९३४ पर्यंत खेळला. त्याच वर्षीं १६ ऑगस्ट रोजीं क्लीव्हलंडचा रे चॅपमन याच्या मस्तकास चेंडू लागून दुसऱ्या दिवशीं तो मरण पावला. मळका चेंडू संध्याकाळच्या अंधुक प्रकाशांत दिसत नाहीं, हें सर्वांस कळून चुकलें व स्वच्छ चेंडू वारंवार बदलून देण्याची रीत पडली. आणि त्याच वर्षीं बेब रूथ यानें ५४ वेळां चेंडू मैदानाबाहेर भिरकावून दिला. आदल्या वर्षीं २९ फटक्यांचा त्याचाच उच्चांक होता. न्यूयॉर्कच्या यँकी संघाचे सामने पाहण्यास त्या हंगामांत १२,८९,४२२ लोक आले. दहा लक्षांचा आंकडा त्यापूर्वीं कोणत्याच संघानें ओलांडला नव्हता.

जुन्या मर्मज्ञांस मात्र हा अधःपात वाटला. हलक्या हातानें चेंडू ठेवणें, ठाणें चोरणें, एकेक धांव बुद्धीनें मिळविणें, ही जुनी विद्या. तिच्या जागीं दांडगाईचा फटका आला, असें ते म्हणत. त्या विद्येचा सर्वश्रेष्ठ आचार्य टाय कॉब. त्यानें १९५२ सालीं एका प्रसिद्ध साप्ताहिकांत लेख लिहून, आतां कोणी बेसबॉल खेळतच नाहीं, असा निकाल दिला. या तक्रारींत तथ्य नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. एक सुंदर कला खरोखरच मागें पडली. परंतु ज्या लक्षावधि माणसांस त्या कलेची सूक्ष्मता कळत नव्हती, त्यांस आकाशांत उंच गेलेला चेंडू कळला. आणि १९१९ च्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत शिकागोच्या आठ खेळाडूंनीं जुगाऱ्यांशीं संगनमत केल्याचें उघडकीस येऊन जी नाचक्की झाली होती, तिच्यांतून खेळ सांवरण्यास रूथच्या दांडूचा मोठाच हातभार लागला.

पुढें दिवे आले. २४ मे १९३५ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं वॉशिंग्टनमध्यें बसून कळ दाबली, आणि सिनसिनाटीच्या मैदानावर व्यावसायिक श्रेष्ठ संघांचा पहिला रात्रीचा सामना झाला. कृष्णवर्णीयांच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघानें तर १९३० सालींच गाड्यांवर वाहून नेण्याजोगे दिवे घेऊन रात्रीं खेळण्यास आरंभ केला होता. सूर्यप्रकाशांतला खेळ रात्रीं खेळणें म्हणजे तमाशा, असें म्हणणारे त्या वेळीं थोडे नव्हते. पण दिवसभर कारखान्यांत राबणाऱ्यास सामना पाहण्याची संधि दिव्यांनींच दिली. शिकागोचें रिग्ली मैदान मात्र १९८८ च्या ऑगस्टपर्यंत दिव्यांवांचून राहिलें, आणि दिवसाचा खेळ हा तेथील रसिकांचा धर्म होऊन बसला. आतां या धर्माचें मूळ पाहावें. मालक फिलिप रिग्ली यांनीं १९४१ च्या अखेरीस दिव्यांचें सामान आणविलें होतें. इतक्यांत पर्ल हार्बरवर हल्ला झाला व तें सामान त्यांनीं युद्धकार्यास देऊन टाकलें. योगायोगानें राहून गेलेली गोष्ट चाळीस वर्षांत परंपरा बनते, ती अशी.

१९६८ सालीं फेकणारे पुन्हां प्रबळ झाले. सेंट लुईच्या बॉब गिब्सननें प्रत्येक नऊ डावांमागें सरासरी १.१२ धांवाच दिल्या. अमेरिकन लीगमध्यें फलंदाजांत पहिला आलेल्या यास्ट्रझेम्स्कीची सरासरी अवघी.३०१ होती. तेव्हां १९६९ सालीं फेकणाऱ्याचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर उतरविला. १९७३ सालीं अमेरिकन लीगनें, फेकणाऱ्याच्या वतीनें दांडू धरण्यास निराळा गडी नेमण्याची मुभा दिली. प्रत्येकानें मारावें आणि प्रत्येकानें अडवावें, या तत्त्वाचा हा भंग, म्हणून नॅशनल लीगनें तो नियम दीर्घकाळ दारांत उभा केला नाहीं. एकाच खेळाचे दोन संप्रदाय झाले, आणि त्यांचे अनुयायी स्मार्त-वैष्णवांप्रमाणें वाद घालीत राहिले. २०२२ सालीं दोन्हीं लीगांत एकच नियम झाला. २०२६ च्या हंगामापासून तर चेंडूच्या कक्षेविषयीं पंचानें दिलेल्या निर्णयावर यंत्राकडे दाद मागण्याची सोयही झाली आहे, आणि पंचाची चूक हाही खेळाचाच भाग होय, असें सांगणारा पक्ष आतां पुढें आला आहे.

येथवर आम्हीं जे बदल सांगितले, ते सर्व खेळ कसा खेळावा याविषयींचे. त्यांवर रसिकांनीं भरपूर आवाज उठविला, आणि काळानें त्या आवाजाची फारशी पर्वा केली नाहीं. परंतु खेळ कोणीं खेळावा, हा प्रश्न याहून फार मोठा. आणि नेमक्या त्याच बाबतींत बहुसंख्य गोऱ्या रसिकांची जीभ साठ वर्षें टाळूस चिकटून बसली होती.

१८८४ सालीं मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय गडी टोलेडोच्या संघांत श्रेष्ठ दर्जाच्या सामन्यांतून खेळला. १८८७ सालीं इंटरनॅशनल लीगच्या मालकांनीं, यापुढें अशा खेळाडूंशीं करार करूं नये, असें ठरविलें. आणि थोड्याच काळांत सर्वत्र दार बंद झालें. श्रेष्ठ लीगांच्या नियमांच्या पुस्तकांत यासंबंधीं एक ओळही नव्हती. टप्प्याच्या झेलासाठीं ज्यांनीं वर्षानुवर्षें शाई खर्च केली, त्यांस हा न लिहिलेला नियम दिसला नाहीं. बाहेर ठेवलेल्यांनीं १९२० सालीं रूब फॉस्टर याच्या पुढारीपणाखालीं कॅन्सस सिटी येथें आपली निराळी लीग स्थापिली. सॅचेल पेज, जोश गिब्सन यांच्यासारखे नामांकित खेळाडू तिच्यांत व तिच्या भगिनी-संस्थांत खेळले. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनीं, विशेषतः पिट्सबर्ग कुरियरच्या वेंडेल स्मिथ यानें, हा अन्याय सतत वेशीवर टांगला. अखेर ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकी यांनीं १९४५ सालीं जॅकी रॉबिन्सन याच्याशीं करार केला, आणि १५ एप्रिल १९४७ रोजीं तो ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला. प्रतिपक्षाच्या तंबूंतून त्याच्यावर शिव्यांचा वर्षाव झाला. प्रतिकार न करतां त्यानें तो सोसला. आणि त्या वर्षीं ब्रुकलिनचा खेळ पाहण्यास अठरा लक्षांहून अधिक लोक आले. गोऱ्या प्रेक्षकांस हें रुचणार नाहीं, असें जे मालक वर्षानुवर्षें सांगत होते, त्यांनीं प्रेक्षकांस कधीं विचारलेंच नव्हतें. तरीही बॉस्टनच्या रेड सॉक्स संघास आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेण्यास १९५९ साल उजाडावें लागलें.

हें वाचतांना महाराष्ट्रीय वाचकांस बाळू पळवणकर यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. त्यांच्या डावऱ्या फिरकीवर पुण्यामुंबईच्या हिंदु संघांनीं युरोपियनांस हरविलें. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक गडी बाद केले. पण चर्मकार कुळांत जन्मल्यामुळें पुण्यास त्यांस चहा तंबूबाहेर, निराळ्या भांड्यांत मिळत असे. आणि हिंदु संघाचें नायकत्व त्यांस कधींच लाभलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे बंधु विठ्ठल यांस मिळालें. अमेरिकेंत मैदानाचें दार बंद होतें. आमच्याकडे मैदान उघडें होतें आणि चहाची पंगत बंद होती. कोणता अन्याय मोठा, याचें माप घेत बसण्यांत अर्थ नाहीं. दोन्ही ठिकाणीं धांवा आणि बळी मोजणाऱ्या रसिकांनीं माणूस मोजला नाहीं, एवढें खरें.

दार उघडल्याचा आनंदही निर्भेळ नव्हता. रॉबिन्सनमागून उत्तम खेळाडू निघून गेले आणि कृष्णवर्णीयांच्या लीगा ओस पडल्या. रॉबिन्सनबद्दल ब्रँच रिकी यांनीं त्याच्या जुन्या संघास मोबदला म्हणून एक डॉलरही दिला नाहीं. नेवार्क ईगल्स संघाच्या सहमालक एफा मॅनली यांनीं याविरुद्ध उघड तक्रार केली. लॅरी डोबी क्लीव्हलंडला गेला तेव्हां त्यांनीं १५,००० डॉलर वसूल केले. ही तक्रार कोणी सनातनी म्हणून झिडकारूं नये. स्वतःच्या हातांनीं उभारलेली संस्था न्यायाच्या नांवाखालीं फुकटांत रिकामी होतांना पाहणाऱ्याची ती वेदना होती. २०२० सालीं त्या जुन्या लीगांस श्रेष्ठ दर्जा देण्यांत आला, व २०२४ सालीं त्यांचे आंकडे अधिकृत नोंदींत मिळविण्यांत आले; तेव्हां आजन्म सरासरींत जोश गिब्सन .३७२ नें पहिला झाला आणि टाय कॉबचा .३६७ चा उच्चांक मागें पडला. गिब्सन १९४७ च्या जानेवारींत वारला. रॉबिन्सन मैदानावर उतरण्यास तीन महिने अवकाश होता.

तिसरा प्रश्न, खेळ कोणाचा? १८७९ सालापासून मालकांनीं असा संकेत पाडला कीं, एका संघानें राखून ठेवलेल्या खेळाडूस दुसऱ्या संघानें घ्यावयाचें नाहीं. करार वर्षाचा, बांधिलकी जन्माची. १९२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, बेसबॉल हा आंतरराज्य व्यापारच नव्हे, असें ठरवून मालकांस मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर बसविलें. १९६९ सालीं सेंट लुईच्या कर्ट फ्लड यास न विचारतां फिलाडेल्फियास देऊन टाकण्यांत आलें. त्यानें जाण्यास नकार दिला व तो न्यायालयांत गेला. त्याचा वार्षिक पगार ९०,००० डॉलर होता. एवढें मिळत असतां हा स्वतःस गुलाम कसा म्हणवितो, असें पुष्कळ रसिकांनीं विचारलें. मैदानावर खेळत असलेला एकही खेळाडू त्याच्या बाजूनें साक्षीस आला नाहीं. निवृत्त झालेला जॅकी रॉबिन्सन मात्र आला. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ३ मतांनीं फ्लडच्या विरुद्ध निकाल दिला. पण १९७५ च्या डिसेंबरांत पीटर साइट्झ या लवादानें दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणांत ती बांधिलकी मोडून काढली. यानें खेळ बुडेल, असें मालकांचें भाकित होतें. तो बुडाला नाहीं.

खेळाडू मोकळा झाला; रसिक मात्र तेथेंच राहिला. १९५७ सालीं ब्रुकलिनचा संघ कॅलिफोर्नियास गेला. दोनच वर्षांपूर्वीं त्यानें त्या नगरीस तिचें एकमेव अजिंक्यपद मिळवून दिलें होतें. त्या मैदानावरील शेवटच्या सामन्यास अवघे ६,७०२ लोक उपस्थित होते, हेंही नमूद केलें पाहिजे. सोडून जाणाऱ्यास निरोप देण्याचें बळ सर्वांस नसतें. ओकलंडच्या रसिकांनीं दुसरा मार्ग धरला. मालक संघ हलविणार असें दिसतांच १३ जून २०२३ रोजीं त्यांनीं उलटा बहिष्कार पुकारला. एरवीं ओस पडणाऱ्या मैदानावर २७,७५९ लोक जमले आणि त्यांनीं संघ विकून टाकण्याचा घोष केला. मालक हलला नाहीं. २६ सप्टेंबर २०२४ रोजीं तेथील शेवटचा सामना झाला, आणि पुढील हंगामापासून संघ सॅक्रामेंटो येथें, लास व्हेगासच्या वाटेवरील धर्मशाळेंत उतरल्यासारखा, राहूं लागला. यांतही एक कडू सत्य आहे. ओकलंडला तो संघ १९६८ सालीं कॅन्सस सिटीकडून मिळाला होता, आणि कॅन्सस सिटीला १९५५ सालीं फिलाडेल्फियाकडून. ज्या दिवशीं आपल्या गांवीं संघ येतो, त्या दिवशीं दुसऱ्या गांवीं कोणीतरी रडत असतें. पण तो आवाज ढोलताशांत ऐकूं येत नाहीं.

रसिकांचें एकच शस्त्र खरें, तें म्हणजे न येणें. १२ ऑगस्ट १९९४ रोजीं खेळाडूंचा संप सुरू झाला व दोन महायुद्धांतही न चुकलेले अजिंक्यपदाचे सामने त्या वर्षीं रद्द झाले. पुढील वर्षीं सामन्यागणिक प्रेक्षकांची सरासरी सुमारे एक पंचमांशानें घटली. दोन्ही पक्षांस या वेळीं जो धाक बसला, तो कोणत्याही निषेधपत्रानें बसला नसता. पण हें शस्त्र उगारणाऱ्याच्याही हातास लागतें; कारण खेळावर ज्याचें प्रेम नाहीं, त्याच्या गैरहजेरीस किंमत नसते, आणि ज्याचें प्रेम आहे, त्यास गैरहजर राहवत नाहीं.

हा इतिहास अमेरिकेचा असला तरी आमच्या दारांतून फार दूरचा नाहीं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं खोखोचे नियम बांधले. त्याच पुण्यांत २०२२ सालीं मॅटवर दिव्यांच्या झगमगाटांत खोखोची व्यावसायिक लीग झाली, आणि दोन्ही दिशांस धांवूं शकणारा वजीर तिच्यांत अवतरला. २००८ पासून क्रिकेटची वीस षटकांची लीग आमच्या उन्हाळ्यावर राज्य करीत आहे. या प्रत्येक बदलावर तक्रार झाली, होत आहे आणि होत राहील. ती व्हावी, असेंच आमचें मत आहे. ज्या खेळाविषयीं कोणी तक्रार करीत नाहीं, तो खेळ मेलेला समजावा. मात्र तक्रार करण्यापूर्वीं रसिकानें स्वतःस तीन प्रश्न विचारावे. या बदलानें दोन पक्षांची झुंज समबल राहते काय? या बदलानें कोणासाठीं दार उघडतें, अथवा बंद होतें? आणि यांतून होणारा लाभ कोणाच्या पदरांत पडतो? पहिल्या प्रश्नाचें उत्तर दोनचार हंगाम देतात. तेथें धीर धरलेला बरा. दुसऱ्याच्या बाबतींत धीर हा गुण नव्हे. तेथें गप्प बसलेल्यांची नोंद इतिहास ठेवतो. आणि तिसऱ्याचें उत्तर मालक आपण होऊन कधींच देत नाहीं. तें रसिकांनीं तिकिटाच्या खिडकीशीं उभें राहून मागावें लागतें.